पुण्यात सिटीबसचा चालक व्हायचंय? लायसन्सपासून पहिल्या ड्यूटीपर्यंत

गावाकडून पुण्यात आलेली पोरं अधूनमधून विचारायला येतात, "दादा, ट्रॅक्टर चालवलाय, टेम्पो चालवतोय, बसवर लागता येईल का?" येतं. मीही धाराशिवकडून टेम्पो चालवतच आलो. पण बसच्या सीटवर बसायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यातले आठ महिने केवळ कागद उलट्या क्रमाने काढायला गेलो म्हणून वाया गेले. ते आठ महिने तुमचे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. कायद्याचा भाग महाराष्ट्रात सगळीकडे सारखाच आहे, रस्त्याच्या गोष्टी मात्र पुण्याच्या आहेत.

१. नोकरी कोणाची, हे आधी समजून घ्या

पुण्यातल्या बसला लोक अजून 'पीएमटी' म्हणतात. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन १९ ऑक्टोबर २००७ ला पुणे महानगर परिवहन महामंडळ झालं, ते आजचं पीएमपी. बाहेरून सगळ्या बस पीएमपीच्याच दिसतात, पण काही गाड्या महामंडळाच्या मालकीच्या आहेत आणि काही ठेकेदार कंपन्यांच्या. ठेकेदाराच्या गाडीत तिकीट फाडणारा वाहक महामंडळाचा असतो आणि स्टिअरिंगवरचा चालक ठेकेदाराचा. फेब्रुवारी २०१९ पासून आलेल्या इलेक्ट्रिक बसही याच पद्धतीच्या.

म्हणजे एकाच गाडीत चार फुटांवर बसलेल्या दोघांचे मालक वेगळे, पगाराची तारीख वेगळी, रजेचे नियम वेगळे. महामंडळाची थेट भरती रोज निघत नाही. नवीन माणसाला पहिलं दार बहुतेक वेळा ठेकेदाराकडेच उघडतं. त्यात कमीपणा काही नाही, पण 'महामंडळात लावतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. थेट भरती असेल तर तिची जाहिरात निघते, आणि ती महामंडळाच्या संकेतस्थळावर असते.

२. लायसन्स: इथेच सगळे अडकतात

क्रम असा आहे:

- १८ पूर्ण झाल्यावर साधं चारचाकीचं लायसन्स, म्हणजे एलएमव्ही.
- ते हातात आल्यावर किमान एक वर्ष जाऊ द्यायचं.
- वय २० पूर्ण हवं. मगच ट्रान्सपोर्टचं, म्हणजे जड प्रवासी वाहनाचं शिकाऊ लायसन्स.
- शिकाऊ मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. शिकाऊ सहा महिने चालतं.
- चाचणीला जाताना मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५, म्हणजे शिकवल्याचं प्रमाणपत्र, लागतो. 'माझ्या काकाने शिकवलं' इथे चालत नाही.

माझी चूक सांगतो. एका एजंटने मला सांगितलं, "वर्षाचं काय घेऊन बसलाय, मी करून देतो." माझ्या एलएमव्हीला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्याला पैसे दिले, अर्ज अडकला, पैसे गेले. वर्ष भरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर मी शेतीच्या कामाला गावी गेलो आणि सहा महिन्यांची मुदत तिकडेच संपली. तेव्हा एलएमव्ही मिळाल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि शिकाऊ काढायचं ते पुढचे दोन महिने पुण्यात राहणार असाल तेव्हाच.

हल्ली एक गैरसमज फार पसरलाय. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवता येतं. हे खरं आहे. पण १२ मीटरची भरलेली सिटीबस त्या वजनाच्या दुपटीहून जड असते. त्या निकालावर विसंबून मोठ्या बसच्या स्टिअरिंगला हात लावू नका. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसन्सच तपासते.

ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षं असते. संपण्याच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. संपून एक वर्ष उलटलं, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.

३. डोळे आणि तब्येत

ट्रान्सपोर्टला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, नमुना १-अ. त्यात डॉक्टर बघतात की २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा ओळखता येतो का, ऐकू नीट येतं का. चष्मा असला तरी हरकत नाही, पण तो लपवू नका.

हे प्रमाणपत्र सगळ्यात आधी, ड्रायव्हिंग स्कूलची फी भरण्यापूर्वी काढा. माझ्या ओळखीच्या एका पोराला लाल-हिरव्यात फरक कळत नाही हे चाचणीच्या आठवड्यात कळलं. फी गेली, त्याहून जास्त त्याचा धीर गेला.

४. बॅज

नुसतं जड वाहनाचं लायसन्स म्हणजे ट्रक चालवायची परवानगी. प्रवासी न्यायचे तर आरटीओकडून बॅज, आपल्या बोलीत बिल्ला, लागतो. त्यासाठी पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडायचं. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण पोलीस चौकीत प्रत्यक्ष जावं लागतंच.

इथला सापळा पत्त्याचा. आधारवर गावचा पत्ता, राहायला कात्रजला, आणि लायसन्स तिसऱ्याच जिल्ह्याचं. अशा वेळी अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. नोंदणीकृत भाडेकरार आधी करा, त्यावर आधारचा पत्ता बदला, लायसन्सवरचा पत्ता बदला, आणि मग पडताळणीचा अर्ज टाका. घरमालक भाडेकराराला कुरकुरला तर नोंदणीचा खर्च स्वतः भरा. खोली बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

५. फाईलमध्ये काय काय हवं

एक प्लास्टिकची बटणवाली फाईल घ्या. आत हे:

- आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला. तिन्हींवर नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल तर आत्ताच दुरुस्त करा.
- लायसन्स आणि बॅज, दोन्हींच्या चार-चार झेरॉक्स.
- नमुना १-अ, नमुना ५, पोलीस पडताळणी.
- बँक पासबुकचं पहिलं पान आणि आधी कुठे पीएफ कापला असेल तर यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा खातेक्रमांक. नवीन यूएएन काढू देऊ नका, जुना पीएफ लटकतो.
- पासपोर्ट फोटो डझनभर.
- आधीच्या मालकाचं अनुभवपत्र. साध्या लेटरहेडवरचं असलं तरी चालतं, पण कोणतं वाहन आणि किती वर्षं हे त्यात लिहिलेलं हवं.

मूळ लायसन्स कोणालाही ठेवायला देऊ नका. 'जमा करा, नोकरी सोडताना परत देऊ' असं काही ठिकाणी सांगतात. लायसन्स तुमचं आहे, गाडी चालवताना ते तुमच्याजवळच हवं. झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत समोर दाखवा.

६. ट्रायल आणि सही करण्यापूर्वीचे प्रश्न

नोकरीच्या ट्रायलमध्ये, म्हणजे गाडी चालवून दाखवायच्या चाचणीत, परीक्षक वेग बघत नाही. गाडीत चढण्याआधी तुम्ही तिला फेरी मारली का, आरसे लावले का, पट्टा बांधला का, हे तो बघतो. मग वळण, रिव्हर्स, चढावर थांबून मागे न सरकता गाडी उचलणं. टेम्पोवाल्यांची एक सवय इथे नडते: क्लचवर पाय ठेवून बसणं. महिनाभर आधीपासून ती मोडा.

निवड झाली की नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा: मूळ पगार किती आणि भत्ते किती? पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापणार ना? (पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचा, तेवढाच मालकाचा, ईएसआय २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू.) गाडीला ओरखडा आला तर पैसे कोणाकडून कापणार, आणि ते ठरवणार कोण? साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? शेवटच्या गाडीनंतर घरी कसं जायचं? ओरखड्याचा प्रश्न विचारायला लाज वाटते, मला वाटली होती, आणि पहिल्याच महिन्यात मी न केलेल्या पत्र्याच्या पोच्याचे पैसे पगारातून गेले. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढतो. अर्धा मिनिट लागतो.

७. प्रशिक्षण: आधी उभे राहा

मला शिकवणारे जुने चालक होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिल्या दिवशी मी स्टिअरिंगकडे निघालो तर म्हणाले, "तिकडं नाही. मागं जा. शेवटच्या सीटपुढं उभा राहा, आणि दांडा धरू नको."

स्वारगेटहून कात्रजपर्यंत मी तसा उभा होतो. प्रत्येक ब्रेकला एक पाऊल पुढे, प्रत्येक पिकअपला दोन पावलं मागे. माझ्या शेजारी एक आजी एका हातात भाजीची पिशवी आणि एका हातात नातवाचं मनगट धरून उभ्या होत्या, म्हणजे दांड्यासाठी त्यांच्याकडे हातच उरला नव्हता. पद्मावतीच्या आसपास एक दुचाकी आडवी आली, गाडी चालवणाऱ्याने ब्रेक दाबला आणि आजी माझ्या अंगावर आल्या. चालकाच्या जागेवरून तो ब्रेक साधा वाटला असणार.

कात्रजला उतरल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "कळलं?" मी आजही ब्रेक दाबताना मागच्या त्या जागेचा विचार करतो. तुम्हाला कोणी सांगो न सांगो, पहिल्या आठवड्यात एक फेरी मागे उभं राहून करा.

मग गाडीची अंगकाठी शिकायची. टेम्पो आणि बस यांत तीन मोठे फरक आहेत.

पहिला, सिटीबसमध्ये पुढची चाकं तुमच्या पाठीमागे असतात. टेम्पोच्या सवयीने वळण घेतलंत तर लवकर वळाल आणि मागचं चाक फुटपाथवर चढेल. तुमचं स्वतःचं शरीर वळणाच्या पुढे जाऊ द्यायचं, मग स्टिअरिंग. पहिले दोन दिवस जिवाला धस्स होतं, समोरच्या दुकानात घुसतोय की काय असं वाटतं.

दुसरा, डावीकडे वळताना मागचं डावं चाक आत कापत येतं, आणि नेमक्या त्याच जागेत दुचाकीवाला घुसतो. डावा आरसा वळण सुरू करताना बघायचा, मध्यावर बघायचा आणि संपताना बघायचा.

तिसरा कोणी सांगत नाही. थांब्यावरून निघताना उजवीकडे झटकन स्टिअरिंग कापलं, तर मागचं शेपूट डावीकडे, थांब्यावर उभ्या माणसांच्या अंगावर जातं. आधी थोडं सरळ पुढे घ्यायचं, मग हळूहळू उजवीकडे.

इलेक्ट्रिक बस मिळाली तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅडल सोडलं की गाडी स्वतःच वेग खाते, कारण मोटर तेव्हा जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. पॅडल एकदम सोडलंत तर उभ्या माणसाला तो ब्रेकच लागतो. आणि गाडीला आवाज नसतो. पेठेतल्या अरुंद गल्लीत लोक कानाने रस्ता ओलांडतात, त्यांना तुम्ही आल्याचं कळत नाही.

८. पहाटेची पाच मिनिटं

पहिल्या पाळीला डेपोत अंधारातच हजर व्हावं लागतं. फलकावर शेड्यूल आणि गाडी नंबर बघायचा, लॉगशीट घ्यायची, गाडी शोधायची. मग टायर, दिवे, वायपर, दोन्ही दारं, आरसे, आपत्कालीन दार, अग्निशामक. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा काटा पुरेसा चढेपर्यंत आणि बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायची नाही, मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी.

दोष दिसला तर तो तोंडी सांगू नका. दोषाच्या वहीत लिहा, वेळ टाका, सही घ्या. "चालव रे, संध्याकाळी बघू" असं म्हणणारा माणूस संध्याकाळी भेटत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि दार या तीन बाबतींत मी गाडी बाहेर काढत नाही. यावरून बोलणी खाल्ली आहेत, पुढेही खाईन.

९. रस्त्यावर: घंटी, थांबा, वाहक

एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आरशात सगळे चढलेले दिसले तरी नाही, कारण पायरीवरचं शेवटचं पाऊल वाहकालाच दिसतं. त्याच्याशी पहिल्याच फेरीला नाव विचारून बोला. पुढचे आठ तास तुमचे डोळे तोच आहे, किंवा ती आहे. पुण्यात ताई वाहक बऱ्याच आहेत.

थांब्यावर गाडी फुटपाथला वीतभर अंतरावर लावायची. रस्त्याच्या मध्ये उभी केली की गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी खाली उतरून मग वर चढावं लागतं, आणि मधून दुचाकी जाते. रिक्षा उभ्या असतात म्हणून ते दर वेळी जमत नाही, हे मला माहीत आहे. जमेल तिथे तरी करा. बीआरटी मार्गावर, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेत, प्लॅटफॉर्म उजव्या हाताला येतो आणि उजवं दार उघडायचं असतं. तिथे चुकून डावं दार उघडलं की माणूस थेट रस्त्यावर पडतो. दाराचं बटण दाबण्यापूर्वी बाजू मनात म्हणा. मी अजून म्हणतो.

वेळापत्रकाचा ताण येणारच. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, म्हणून फेरी पूर्ण करण्याचा आग्रह असतो. उशीर झाला तर कंट्रोलरला सांगा, लॉगशीटवर कारण लिहून घ्या. गणपतीत लक्ष्मी रस्ता बंद असतो. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठ, भवानी पेठ आणि दुसऱ्या टप्प्याला हडपसरकडचा रस्ता वारकऱ्यांचा असतो. त्या दिवसांचे वळवलेले मार्ग आदल्या संध्याकाळी डेपोत विचारून घ्या. सकाळी गाडी भरल्यावर प्रवासी विचारतात आणि तुम्हालाच माहीत नसतं, तो प्रसंग वाईट.

१०. अपघात झाला तर

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ पाठ करा. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर मात्र तिथे थांबण्याची सक्ती नाही, हेही त्याच कलमात आहे. अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा. घरी जाऊ नका, गावी तर मुळीच नाही.

रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. मग डेपो. गाडी पोलिसांनी सांगेपर्यंत हलवायची नाही, दोन साक्षीदारांची नावं वाहकाला लिहायला सांगायची. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, 'फक्त फॉर्मॅलिटी आहे' असं कोणीही म्हटलं तरी.

११. तास, पाणी, पाठ

दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची एक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर ही चौकट १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घातली. नव्या कामगार संहितेतही ८ तासांचा दिवस आणि दुप्पट दर कायम आहे. तुमचे तास तुम्ही स्वतः खिशातल्या वहीत लिहा. लागोपाठ दोन पाळ्या करायचा आग्रह झाला तर एकदा अडचण म्हणून करा. नेहमीचं करू नका, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता डोळे उघडे ठेवूनही माणूस झोपतो.

अनेक शेवटच्या थांब्यांवर स्वच्छतागृह नाही. म्हणून चालक पाणी पीत नाहीत, आणि चाळिशीत मूतखडा घेऊन बसतात. ताई वाहकांचं तर याहून अवघड. मला या नोकरीतली ही सगळ्यात मोठी लाजिरवाणी गोष्ट वाटते, आणि ती आपण मोठ्याने बोलत राहिलं पाहिजे. तोवर आपल्या मार्गावरचे पेट्रोल पंप, मंडई, दवाखाने, ओळखीचं हॉटेल यांची यादी जुन्या चालकांकडून पहिल्याच दिवशी घ्या. सीट उंची-अंतर लावून, पाठ टेकवून बसा. दर फेरीच्या शेवटी खाली उतरून गाडीला एक चक्कर मारा. टायरही बघून होतात आणि कंबरही सुटते.

ड्यूटी संपली की लॉगशीट जमा करा, दोष लिहा, आणि डेपोतून बाहेर पडण्याआधी उद्याच्या फलकाचा फोटो काढा. पाळी रात्रीतून बदललेली असू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी टाइमकीपरला एक फोन करा.